भिंतीखालचा वीतभर बोरू

ज्या पेंढ्या भिंतीखाली जायच्या होत्या, त्या लग्नाच्या कढईखाली गेल्या. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तोंडातून मात्र कोणी काढत नाही.

सारसेन माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, तीन भावांतला मधला. आमच्याकडे धाकट्याने आईबापापाशी राहायचं आणि बाकीच्यांनी लग्न झालं की वेगळं बिऱ्हाड करायचं, ही रीत. म्हणून त्याच्या वडिलांनी कालव्याच्या पलीकडचा जमिनीचा तुकडा त्याला काढून दिला होता. सासऱ्यांचं नाव आम्ही सुना घेत नाही. गाव त्यांना अक्सकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, म्हणतं, मीही तेच म्हणते.

अक्सकालांनी त्या हिवाळ्यात स्वतः तळ्यावर जाऊन बोरू कापला होता. थंडीत वाळून खणखणीत झालेला बोरूच घरासाठी चालतो. पाया झाला की त्यावर वीतभर बोरू दाबून आंथरायचा आणि मग कच्च्या विटांची भिंत उचलायची. आमची जमीन खारी. पायातून वर चढणारं पाणी बोरूपाशी थांबतं, भिंत कोरडी राहते. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत त्या याच्याच जिवावर. पेंढ्या अंगणात रचून ठेवल्या होत्या, वरून जुनी सतरंजी टाकली होती. लग्न एप्रिलमध्ये, आणि मेमध्ये हशर, म्हणजे सगळ्या गावाने मिळून एका दमात भिंती उभ्या करायच्या.

लग्नाच्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. पाहुणे बोलावले त्याच्या दुप्पट आले. तख्ताकोपिरकडून तर एक अख्खी बस आली. एप्रिल म्हणजे आमच्याकडे सरपणाचा दुष्काळ. कापसाच्या पऱ्हाट्या हिवाळ्यातच जळून जातात. दुपारी मोठी कढई अर्धवट शिजलेली होती आणि खाली विस्तव मंदावत चालला होता. स्वयंपाकी अक्सकालांकडे बघत होता, अक्सकाल बसमधून उतरणाऱ्या माणसांकडे. मग ते उठले, सतरंजी बाजूला केली आणि पहिली पेंढी स्वतः उचलून आणली. सगळ्यांनी पाहिलं. कोणी काही म्हटलं नाही. काय म्हणणार? ज्याच्या लग्नात पाहुणा थंड भात खाऊन गेला त्याला पुढे गावात तोंड वर करून चालता येत नाही. बोरू भडाभडा पेटतो. तासाभरात भात झाला, गरमागरम, आणि पेंढ्या संपल्या.

नवरी नुकुसची, नाव गुलपर्शिन. आईबाप लहानपणीच गेलेले, मामाच्या दोन खोल्यांत वाढली. ती आमच्यातली झाली त्याच आठवड्यात मी तिला पीठ मळताना विचारलं की शहर सोडून इथे वाऱ्याधुळीत करमेल का गं? ती मान खाली घालून पीठ मळत राहिली. मग म्हणाली, “जेंगेय, मामाकडे मी स्वयंपाकघरात झोपायचे, घडीच्या खाटेवर. जो पहिला उठेल तो चहाला येणार, म्हणजे मी उठणार. मला एकदा अशा खोलीत झोपायचंय जिथे मला कोणी ‘ऊठ, सरक’ म्हणणार नाही.”

जेंगेय म्हणजे थोरल्या भावाची बायको. मी तिची तशी जाऊच, पण वयाने आई शोभेन एवढी. मला त्या दिवशी असरची, दुपारनंतरची नमाज चुकली असं वाटलं, इतका वेळ मी तिच्याकडे बघत बसले होते. नमाज मिळाली, पण दुआमध्ये तिची खोली आली.

मेमध्ये बोरू हिरवा असतो, कोवळा, रसाने भरलेला. तो भिंतीखाली घातला तर सडतो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबायला पाहिजे होतं. पण थांबणार कुठे? सासरच्या घरात एका खोलीत थोरल्याचा संसार, दुसरीत सासू-सासरे आणि धाकटा, आणि नवराबायको पाहुण्यांच्या खोलीत, पाहुणे आले की बाहेर. छपरावर घालायचा डांबरी कागद भिंतीखाली टाकला तरी चालतो म्हणतात, पण लग्नाने घर पार धुऊन नेलं होतं. शेवटी सारसेनच्या मामाने तोडगा काढला. कापसाच्या वाफ्यांवर वसंतात प्लास्टिकचा पातळ कागद आंथरतात, त्याची जुनी भेंडोळी शेताच्या बांधावर पडलेली असतात. तीच दुहेरी करून पायावर टाकली. कागदाला रोपांसाठी पाडलेली भोकं होती. मामा म्हणाला, दुहेरी केलं की भोकावर भोक येत नाही. माणसं हसली, आणि विटा चढायला लागल्या.

हशरच्या दिवशी अक्सकाल दुरून बघत उभे होते. एरवी पहिली वीट तेच ठेवतात. त्या दिवशी म्हणाले कंबर धरली आहे, दुसऱ्या कोणाला ठेवू द्या.

पण ते घर सजलं मात्र असं की मी आजही डोळे मिटले की बघू शकते. दार मिळालं ते जुन्या शेतकी कचेरीचं. कचेरी पाडत होते, सारसेनने तीन दिवस तिथे राबून मजुरीऐवजी दार मागून घेतलं. जाड, कोरड्या लाकडाचं, पितळी मुठीचं. त्यावर रंगाने ‘रोखपाल’ लिहिलेलं. घासूनही ते जाईना. सारसेन ज्याला त्याला सांगायचा, “घरात रोकड नाही, पण रोखपाल आहे. ठोठावून आत या, पावती मिळेल.”

भिंतींना कागद लावायचा तिचा हट्ट. नुकुसला मामाच्या घरी होता म्हणे, पण तो मामाचा. चिंबायच्या बाजारात गुंडाळ्या संपता संपता जे तुकडे उरतात ते स्वस्तात मिळतात. ती दोन फेऱ्या करून पोतंभर तुकडे घेऊन आली. एका भिंतीवर द्राक्षांचे घोस, एकीवर निळे पट्टे, एकीवर गुलाब, आणि चौथीला काही पुरेना म्हणून विटांचं चित्र असलेला कागद. सारसेन पोट धरून हसला. म्हणाला, कच्च्या विटेला पक्क्या विटेची स्वप्नं पडायला लागली. खळ आम्ही दोघींनी पिठाची शिजवली. तेवढ्यात तिची सासू आली, पातेल्यात डोकावली.

“पीठ भिंतीला चारते आहेस, मग नवऱ्याला काय चारशील?”

“भिंत परत मागत नाही, एने,” गुलपर्शिन म्हणाली. एने म्हणजे सासूबाई. सासूने ओठ दाबले, पण मला दिसलं, तिला हसू आलं होतं.

फळांची खोकी उलटी करून टेबल झालं. लग्नातल्या बुरख्याचं पांढरं कापड खिडकीला पडदा झालं. माझ्याकडचे चहाचे दोन कप, दांड्या तुटलेले, मी दिले. आमच्याकडे तशाही पेल्यांना दांड्या नसतात, म्हणून कोणाला कळणार नाही असं ती म्हणाली. आणि गुलाबाच्या भिंतीवर, बरोबर मध्ये, तिने आईच्या हातची केरगी टांगली. भिंतीवर टांगायची पिशवी, लोकरीची लाल-काळी वीण, खाली गोंडे, मागे सामान ठेवायला जागा. मामीने ती इतकी वर्षं पेटीत ठेवली होती. टांगून झाल्यावर ती खाली बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. सारसेनने विचारलं, वाकडी आहे का? ती म्हणाली, नाही, पेटी रिकामी आहे.

बायका नवं बिऱ्हाड बघायला आल्या, तेव्हा सगळ्या केरगीखालीच बसायला धडपडल्या. उन्हाळा गेला, हिवाळा गेला. त्या हिवाळ्यात गुलपर्शिन कधीही सूर्य वर आल्याखेरीज बाहेर दिसली नाही. सासू टोमणा मारायची की शहरातली कोंबडी उशिरा आरवते. मला मात्र त्या बंद दाराकडे बघून बरं वाटायचं. मी म्हणायचे, अल्ला, एवढं तरी तिला राहू दे.

मार्चमध्ये शेतं धुवायला कालव्याचं पाणी सोडतात. जमिनीतला खार खाली जावा म्हणून वाफे तुडुंब भरतात, आणि मग सगळ्या गावाच्या पायाखालचं पाणी वर येतं. आठवड्याभराने ती मला बोलवायला आली. गुलाबांच्या भिंतीला खालून बोटभर पांढरी किनार आली होती. हात लावला की भुसभुशीत, जिभेवर कडू-खारट. लोणा.

“भिंतीने मोजे घातले,” सारसेन म्हणाला. त्या वेळी तोही हसत होता, तीही.

तिने झाडूने लोणा झाडला, कागद पुन्हा चिकटवला. चार दिवसांनी तो घोट्याएवढा आला. मग गुडघ्याएवढा. कागदाच्या मागे फुगे यायचे, फुटायचे, आणि पिठाची खळ आंबून वास सुटायचा. निळे पट्टे तपकिरी झाले. द्राक्षांच्या घोसांवर पांढरी बुरशी आली.

मग सल्ले सुरू झाले. सासू म्हणाली व्हिनेगरने पूस. सारसेनचा मामा म्हणाला चुना मार. शेजारीण म्हणाली नजर लागली, एवढं नटवायला कोणी सांगितलं होतं? मी स्वतः हर्मलाच्या बिया जाळून चारी कोपऱ्यांत धूर दिला, कुराणातल्या सुरा पढून फुंकल्या. सगळ्यांना खरं कारण माहीत होतं, आणि प्रत्येकजण त्याच्या आजूबाजूला फिरून येत होता, जसं झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला वळसा घालून जातात. बोरू हा शब्द त्या वसंतात आमच्या गल्लीत कोणी उच्चारला नाही. उच्चारला असता तर सांगावं लागलं असतं की कोणी जाळला. आणि मग हेही, की तो भात आपण सगळ्यांनीच चाटूनपुसून खाल्ला. सासऱ्याचं नाव आम्ही घेत नाही. त्याची चूक तरी कशी घेणार?

गुलपर्शिनला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती काही खुळी नव्हती.

सासू-सासरे जेवायला येणार होते, तेव्हा तिने केरगी काढली आणि खाली, डागावर टांगली. चांगली दिसली. मग ती तिथेच राहिली. उन्हाळ्यात भिंत वाळली, सगळ्यांना वाटलं सुटलो. शरदात तिने केरगी उचलली तर मागची बाजू हाताला चिकटून आली. ओली लोकर मिठाने खाल्ली होती. पुढून लाल-काळी वीण तशीच, मागून चाळणी. ती माझ्याकडे घेऊन आली, माझ्या मांडीवर ठेवली. आम्ही दोघी उजेडात धरून बघत होतो, आणि विणीतून दिवस दिसत होता.

त्याच सुमारास एक दिवस अक्सकाल तिच्याकडे चहाला गेले. एकटेच. ते मानाच्या जागी, दाराच्या समोर, भिंतीला टेकून बसले. तिने चहा ओतला, अर्धा पेला, आदराने, पुन्हा पुन्हा. ते घराच्या भिंतींकडे बघत नव्हते, पेल्यात बघत होते. उठून निघाले तेव्हा त्यांच्या काळ्या कोटाची पाठ खांद्यापासून कंबरेपर्यंत पांढरी झाली होती. ती मागून धावली नाही. सुनेने सासऱ्याच्या पाठीला हात कसा लावायचा, आणि लावून काय म्हणायचं? ते तसेच सगळ्या गल्लीतून घरी गेले. मी माझ्या दारात होते. बाकीच्या बायकाही होत्या. सगळ्यांनी सलाम केला, आणि ते पुढे गेल्यावर सगळ्या आत गेल्या.

डिसेंबरात तळं गोठलं तसे ते बर्फावर उतरले. सत्तरी ओलांडलेला माणूस, धाकटा म्हणाला मी येतो तर त्याला नाही म्हणाले. रोज गाढवावर दोन पेंढ्या आणायचे आणि सारसेनच्या अंगणात रचायचे. आम्ही बघायचो. उभ्या भिंतीखाली बोरू घालता येत नाही हे ज्याने आयुष्यभर भिंती बांधल्या त्याला कोण सांगणार होतं? पण त्यांनी सारसेनला सांगितलं की पाणी सुटायच्या आत, फेब्रुवारीत, छपराला टेके द्यायचे, पायापासच्या विटा हातहात काढायच्या, तेवढ्यात बोरू ठासायचा आणि पुन्हा विटा लावायच्या. एका भिंतीला चार दिवस. सारसेनने बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. मला वाटतं तिने त्यांच्यासाठी मान हलवली. भिंतीचं तिला कळून चुकलं होतं.

विटांच्या चित्राची भिंत आधी घेतली. दोन हात काम ठीक झालं. बोरू सोनेरी, कोरडा, आत दाबून बसवला, अक्सकालांनी गुडघ्यावर बसून स्वतः ठासला. आम्ही बायका बाहेर चहा घेऊन उभ्या होतो आणि मला खरंच वाटायला लागलं होतं, मी मनात ‘इन्शाल्ला’ म्हणतही होते. मग खिडकीकडचा कोपरा आला. तिथल्या विटा विटा राहिल्याच नव्हत्या, हाताने पिठासारख्या निघत होत्या. सारसेन ओरडला, सगळे मागे सरले. भिंत कोसळली नाही. गाय बसावी तशी बसली, आधी पुढून, मग मागून, एक उसासा टाकून. खिडकीची चौकट सरळ उभीच राहिली काही क्षण, पांढऱ्या पडद्यासकट, मग तीही कलली. अल्लाची मेहरबानी, कोणाला खरचटलंही नाही.

धूळ बसेपर्यंत कोणी हललं नाही. मग अक्सकाल तिथेच ढिगावर बसले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट बोलली गेली.

“त्या दिवशी कढई थंड झाली असती तर बरं झालं असतं,” ते म्हणाले.

सारसेन तोंड फिरवून उभा राहिला. पुरुष जमिनीकडे बघत होते. गुलपर्शिन अक्सकालांसमोर गेली, खाली बसली, आणि पेला त्यांच्या हातात दिला.

“जेवण गरम होतं, बाबा,” ती म्हणाली. “मीही जेवले होते.”

त्यांनी चहा घेतला. त्यानंतर त्या घराबद्दल त्यांनी कोणापाशी शब्द काढला नाही.

आमच्याकडे लाकूड महाग. घर सोडताना दार, खिडकी, तुळया काढून न्यायच्या, माती मातीला सोडायची. सारसेनने तुळया बापाकडे नेल्या, धाकट्याच्या लग्नासाठी पाहुण्यांची खोली वाढवायची होती, तिथे लागल्या. दार मात्र तिने कोणाला लावू दिलं नाही. सासूला राग आला. नुसतं ठेवून दाराला मुलगा होणार आहे का, म्हणाली. पण ती ऐकेना. एका संध्याकाळी गाढवगाडीवर दार आडवं टाकून, त्यावर बसून ती माझ्याकडे आली. म्हणाली, “जेंगेय, तुमच्याकडे ठेवा. तिकडे कोणी ना कोणी लावून टाकेल.”

आम्ही ते छपराखाली ठेवायला निघालो तर ती म्हणाली थांबा. गाडीतून अक्सकालांनी कापलेल्या पेंढ्यांतल्या उरलेल्या तीन काढल्या, जमिनीवर आंथरल्या, वीतभर, पायाने दाबून सारख्या केल्या. त्यावर दार ठेवलं. ‘रोखपाल’ वर.

सारसेन मार्चमध्ये, शेतात पाणी सुटलं त्या आठवड्यात, कझाकस्तानला गेला, अक्ताऊला. तिथे उंच इमारती बांधतात, त्यांत तो भिंतींना गिलावा करतो. फोनवर सांगतो की तिथली घरं लोक अजून न बघताच विकत घेतात. पहिल्यांदा दर जुम्म्याला फोन करायचा, हल्ली महिन्यातून एकदा. ती सासरी आहे. थोरल्याचा संसार एका खोलीत, धाकट्याची नवी नवरी पाहुण्यांच्या खोलीत. गुलपर्शिन स्वयंपाकघरात झोपते, घडीच्या खाटेवर. सासू पहाटे फज्रच्या नमाजेआधी उठते, हातपाय धुवायचं वजूचं पाणी तापवायला तिथेच येते. ती वाईट बाई नाही. हळूच म्हणते, “ऊठ पोरी, जरा सरक.”

मी पाच वेळा नमाज पढते आणि पाचही वेळा तिचं नाव घेते. आधी मागायचे की तिला घर दे. मग मागायचे की सारसेनला परत आण. आता नुसतं नाव घेते, अल्लाला काय हवं ते त्याला माहीत.

काल शेतात पुन्हा पाणी सोडलं. ती माझ्याकडे आली, ओढणीच्या टोकाने पितळी मूठ पुसली, मग दाराचा एक कोपरा वर उचलायला मला सांगितला. आम्ही दोघींनी उचलला. ती खाली वाकली, हात आत घालून बोरूच्या थरावर फिरवला, खालून वर, आणि बोटं जिभेला लावून बघितली.

“कोरडं आहे,” ती म्हणाली.

मग दार पुन्हा खाली ठेवलं, आणि ती संध्याकाळच्या भाकरी भाजायला गेली.